ट्वीडची टोळी आणि करदात्यांचें मौन

सार्वजनिक द्रव्याचा अपहार करणारा मनुष्य बहुधा एकटा नसतो. त्याच्या मागें साथीदार असतात, आणि त्यांच्याहि मागें हिशेब पाहण्याचा कंटाळा करणारे प्रतिष्ठित नागरिक असतात. या विधानाचें प्रत्यंतर ज्यास पाहावयाचें असेल त्यानें न्यूयॉर्क शहराचा एके काळचा सर्वाधिकारी विल्यम ट्वीड याचें चरित्र लक्षपूर्वक पाहावें.

ट्वीडचा जन्म ३ एप्रिल १८२३ रोजीं न्यूयॉर्क येथें एका खुर्च्या करणाऱ्या कारागिराच्या घरीं झाला. बापाचा धंदा, खोगिरें बनविणें, जमाखर्च लिहिणें असे उद्योग करीत असतां तो आग विझविणाऱ्या स्वयंसेवक पथकाचा नायक झाला. शरीरानें धिप्पाड आणि स्वभावानें मनमिळाऊ अशा या तरुणास मतें मिळविणें अवघड गेलें नाहीं. १८५१ सालीं तो नगरसभेंत निवडून आला व पुढें दोन वर्षें काँग्रेसमध्येंहि बसला. परंतु खरी सत्ता राजधानींत नसून आपल्या मोहल्ल्यांतच आहे हें त्यानें ओळखलें, आणि १८६३ पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाची टॅमनी हॉल ही बलाढ्य संस्था त्याच्या मुठींत आली.

त्याच्या सत्तेचा पाया गरिबांच्या गरजेवर होता. आयर्लंडाहून आलेल्या निराधार माणसांस सरकारनें विचारलें नाहीं, तेव्हां टॅमनीनें त्यांस नोकरी दिली, हिंवाळ्यांत कोळसा दिला, नागरिकत्वाचे दाखलेहि मिळवून दिले, आणि मोबदल्यांत मत घेतलें. हें दातृत्व कोणाच्या पैशानें चाललें आहे हें मात्र त्या गरिबांस कळण्याचा मार्ग नव्हता.

मेयर ओकी हॉल, हिशेबनीस रिचर्ड कॉनोली, पीटर स्वीनी व स्वतः ट्वीड या चौघांची टोळी जमली. १८७० सालीं लांच चारून शहरासाठीं नवी सनद मंजूर करवून घेण्यांत आली आणि बिलें तपासण्याचा अधिकारहि याच मंडळीकडे आला. चोरच खजिन्याचे तपासनीस झाले! पद्धत साधी होती. कंत्राटदारानें फुगविलेलें बिल द्यावें, टोळीनें तें पास करावें, आणि वरचा पैसा वांटून घ्यावा. शेवटीं शेवटीं बिलाच्या निम्म्याहून अधिक रक्कम टोळीकडे परत येई. न्यायालयाच्या इमारतीसाठीं प्रथम अडीच लक्ष डॉलर मंजूर झाले होते. खर्च एक कोटीवर गेला. १८६७ सालीं अमेरिकेनें सबंध अलास्का प्रांत ७२ लक्षांस विकत घेतला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या इमारतीचें मोल कळेल. अकरा थर्मामीटरांचे साडेसात हजार डॉलर लागले, आणि संगमरवर ट्वीडच्याच खाणींतून आला.

आतां व्यापारी वर्गानें पुढील गोष्टीकडे लक्ष द्यावें. १८७० च्या शरद ऋतूंत वर्तमानपत्रांत ओरड होऊं लागली, तेव्हां टोळीनें जॉन जेकब ॲस्टर प्रभृति सहा धनाढ्य गृहस्थांस हिशेब पाहण्यास बोलाविलें. त्यांनीं वह्या वरवर चाळून सर्व कांहीं ठीक असल्याचा दाखला दिला, आणि टोळी निवडणूक जिंकली. कर फारसे न वाढवितां कर्जावर कारभार चालला होता, त्यामुळें कोणाच्या खिशास चटका बसत नव्हता. स्वतःच्या दुकानांत पैचा फरक निघाला तर रात्र जागविणारे हे लोक शहराच्या वहीपुढें डोळे मिटून बसले.

जुलै १८७१ मध्यें न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें बिलांचे आंकडेच छापले. टॉमस नास्ट याच्या व्यंगचित्रांनीं निरक्षरांसहि चोर दाखविले. ४ सप्टेंबर रोजीं नागरिकांची मोठी सभा होऊन सत्तर जणांची समिती नेमली गेली. सॅम्युएल टिल्डन यानें बँकेचीं खातीं तपासून पैसा कोठें गेला याचा माग काढला. १८७३ सालीं ट्वीडला शिक्षा झाली. डिसेंबर १८७५ मध्यें तो कैदेंतून निसटून क्यूबामार्गें स्पेनला पोंचला, पण नास्टच्या चित्रावरूनच ओळखला जाऊन पकडला गेला. परत आणल्यावर त्यानें सर्व कबूल केलें, आणि १२ एप्रिल १८७८ रोजीं तो तुरुंगांतच मरण पावला. शहराच्या हातीं मात्र लुटीचा अल्पसाच अंश परत आला.

अटकेनंतरच्याच नोव्हेंबर महिन्यांत ट्वीडच्या मतदारांनीं त्यास पुनः राज्याच्या सीनेटवर निवडून दिलें होतें, हेंहि विसरतां कामा नये. ज्या गरिबास कोळसा हवा आहे त्यास नीतीचा उपदेश पुरत नाहीं. त्याची गरज उघड आणि कायदेशीर मार्गानें भागविणें हाच टोळ्यांचें मूळ उपटण्याचा उपाय होय. आणि ज्यास वाचतां येतें, जमाखर्च कळतो, त्यानें आपल्या नगराचें अंदाजपत्रक व बिलें दरसाल मागून पाहणें हें त्याचें कर्तव्यच आहे. एक लबाड मेला तरी न तपासलेली वही दुसऱ्यास निर्माण करतेच.