विश्लेषण : दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणी आणि कोल्हापूरचे रँग्लर नारळीकर, नाते काय?

किनवटमध्ये जुलैत ढग सरले तरी हवेत बाष्प भरलेले असते. विश्वाच्या बालपणातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी या बाष्पात अडतात. म्हणूनच त्या टिपणाऱ्या काही महत्त्वाच्या दुर्बिणी दक्षिण ध्रुवावर आहेत. उंची सुमारे २,८०० मीटर, हवा अत्यंत कोरडी. तिथली १० मीटर व्यासाची ‘साउथ पोल टेलिस्कोप’ २००७ पासून काम करते.

या दुर्बिणींच्या नोंदींचा अर्थ लावायला आइन्स्टाइनचे गणित लागते. ते गणित भारतात रुजवणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे, विष्णू वासुदेव नारळीकर.

कोण होते नारळीकर?

जन्म २६ सप्टेंबर १९०८, कोल्हापूर. मुंबईत पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि तिथे रँग्लर झाले. मदनमोहन मालवीयांनी बोलावले आणि १९३२ मध्ये, ऐन विशीत, ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले.

बनारसमध्ये काय घडले?

तेव्हा सापेक्षता सिद्धांताला प्रयोगांचा आधार तुटपुंजा होता. या विषयात आयुष्य घालवणे म्हणजे जोखीमच होती. नारळीकरांनी सुमारे तीन दशके तोच विषय शिकवला, त्यात संशोधन केले. १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण त्यांच्याकडे शिकायला आला. प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवती गुरुत्वाकर्षण कसे असेल, याचे उत्तर वैद्यांनी पुढच्याच वर्षी मांडले. ‘वैद्य मेट्रिक’ आजही जगभर वापरले जाते.

आकाशातून पुरावा कधी आला?

१९६५ मध्ये. अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरी सापडल्याचे जाहीर झाले. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असतानाचा हा प्रकाश. त्याचे तापमान आता उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्यातले अतिसूक्ष्म चढउतार ध्रुवावरच्या दुर्बिणी मोजतात. पुढे दीर्घिका कुठे घडणार, याचे बीज त्यातच आहे.

नारळीकर १९६० मध्ये बनारस सोडून राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले होते. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात पुन्हा शिकवू लागले.

मुलाचे मत वेगळे का?

पुत्र जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्यासोबत महास्फोट सिद्धांतालाच आव्हान दिले आणि अखेरपर्यंत त्यावर शंका घेतली. या लहरींचे पुरावे मात्र प्रामुख्याने महास्फोटाच्या बाजूने आहेत. तरीही जयंतरावांनीच १९८८ मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या ‘आयुका’त या लहरींवरही संशोधन झाले.

विष्णू नारळीकर १ एप्रिल १९९१ रोजी गेले. ध्रुवावरची १० मीटरची दुर्बीण त्यानंतर १६ वर्षांनी सुरू झाली. त्यांच्या हाताशी होते फळा, खडू आणि विद्यार्थी. किनवटच्या वर्गातही तेवढे आहेच.