चार पौंडांची बेडी आणि बिली मेरेडिथ

खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा घातली तर श्रीमंत आणि गरीब क्लबांमध्ये बरोबरीच्या लढती होतील, हा विचार आजचा नाही. इंग्लंडने तो तब्बल साठ वर्षे नियम म्हणून राबविला. त्या नियमाशी सर्वांत आधी आणि सर्वांत कडवी झुंज ज्याने दिली, तो बिली मेरेडिथ हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा ब्रिटनमधील सर्वांत लोकप्रिय फुटबॉलपटू होता. मात्र ही झुंज त्याने कोणत्याही उदात्त हेतूने सुरू केली नव्हती. लाच देऊ केल्याच्या आरोपाखाली घरी बसविलेला एक खेळाडू आपल्या थकलेल्या पगारासाठी क्लबच्या दारात उभा राहिला आणि तेथून या साऱ्या प्रकरणाला तोंड फुटले.

वेल्समधील चर्क गावाजवळच्या ब्लॅक पार्क या खाणकामगारांच्या वस्तीत ३० जुलै १८७४ रोजी मेरेडिथचा जन्म झाला. बाराव्या वर्षी तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला. खाणीतील तट्टू हाकणे हे त्याचे पहिले काम. फुटबॉल हा शनिवारच्या विरंगुळ्याचा खेळ. चर्क संघातर्फे त्याने १८९४ मध्ये वेल्श कप जिंकला आणि त्याच वर्षी मँचेस्टर सिटीने त्याला करारबद्ध केले. फुटबॉलवर पोट भरणे त्याच्या आईला मुळीच पसंत नव्हते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात आठवडाभर खाणीत काम आणि शनिवारी सामना, असा त्याचा क्रम होता. उजव्या बगलेवरून चेंडू नेताना दातांत काडी धरण्याची त्याची लकब पुढे व्यंगचित्रकारांची आवडती बनली.

१९०१-०२ च्या मोसमापासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी आली. विजयाबद्दलचा बोनसही बंद झाला. नियम फुटबॉल असोसिएशनचा असला, तरी त्याला बळ होते ते लहान शहरांतील क्लबांचे. मोठ्या शहरांतील संघांना प्रेक्षकसंख्येच्या जोरावर हवे ते खेळाडू विकत घेता येतात, ही त्यांची भीती निराधार नव्हती. शिवाय क्लबच्या संमतीखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. म्हणजे मालक बदलता येत नाही आणि पगारही वाढत नाही, अशी दुहेरी बेडी. चार पौंड ही रक्कम कुशल कारागिराच्या कमाईपेक्षा अधिक होती हे खरे. पण कारागिराचा हात पस्तिशीत निकामी होत नाही आणि त्याचे काम पाहायला हजारो लोक तिकीट काढून येत नाहीत.

नियम झाला आणि पळवाटाही निघाल्या. मँचेस्टर सिटीकडे पैसा होता. स्कॉटलंडहून आलेले व्यवस्थापक टॉम मॅली यांनी सँडी टर्नबुलसारख्या खेळाडूंच्या साथीने संघ घडविला. मेरेडिथला आठवड्याला सहा पौंड मिळत. १९०४ मध्ये सिटीने लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळविला आणि क्रिस्टल पॅलेस मैदानावर बोल्टन वाँडरर्सला १-० असे हरवून एफए कप जिंकला. कर्णधार मेरेडिथ, एकमेव गोलही त्याचाच. मँचेस्टर शहरात आलेला हा पहिला मोठा चषक. केवळ दोन पौंडांच्या छुप्या वाढीने चषक मिळतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ती वाढ नसती तर हे खेळाडू एका संघात टिकले असते का, हा प्रश्न उरतोच.

२९ एप्रिल १९०५ रोजी मोसमाच्या अखेरच्या सामन्यात विजेतेपदाची आशा असलेला सिटी संघ ॲस्टन व्हिलाकडून २-३ असा पराभूत झाला. त्यानंतर व्हिलाचा कर्णधार ॲलेक लीक याने आरोप केला, की सामना सोडण्यासाठी मेरेडिथने आपल्याला दहा पौंड देऊ केले होते. असोसिएशनने मेरेडिथला १९०६ च्या एप्रिलअखेरपर्यंत निलंबित केले. आधी त्याने इन्कार केला. पुढे मात्र हे व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून केल्याचे म्हटले. निलंबनाच्या काळात क्लबने पैसे द्यावेत अशी त्याची मागणी होती. आपल्यावर पुन्हा नजर वळेल या भीतीने क्लबने हात वर केले आणि मग मेरेडिथने सिटीतील छुप्या वेतनाचा सारा हिशेब उघड केला. यात त्याची बाजू निर्मळ नव्हती. ज्या पैशावर तो स्वतः जगला, त्याचीच त्याने वाच्यता केली आणि त्याची झळ सहकाऱ्यांनाही बसली.

१९०६ चा निकाल कठोर होता. मॅली आणि अध्यक्ष फॉरेस्ट यांना फुटबॉलमधून हद्दपार करण्यात आले. सतरा खेळाडूंना दंड झाला, १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली आणि पुन्हा सिटीकडून खेळण्यास मनाई झाली. सप्टेंबरमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा उरल्यासुरल्या खेळाडूंचा सिटी संघ आर्सेनलकडून १-४ आणि लगेचच एव्हर्टनकडून १-९ असा हरला. १९०९ मध्ये त्याची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली.

सिटीच्या बंदी आलेल्या खेळाडूंची जणू बाजारपेठच भरली. शेजारच्या मँचेस्टर युनायटेडचे चतुर व्यवस्थापक अर्नेस्ट मँगनॉल यांनी इतरांना चाहूल लागण्यापूर्वीच मेरेडिथ, टर्नबुल, बर्जेस आणि बॅनिस्टर यांना गाठले. बंदी संपली त्याच दिवशी, नववर्षदिनी, हे चौघे ॲस्टन व्हिलाविरुद्ध उतरले आणि टर्नबुलच्या गोलने युनायटेड जिंकले. १९०८ मध्ये पहिले लीग विजेतेपद, १९०९ मध्ये एफए कप आणि १९११ मध्ये पुन्हा लीग. युनायटेडच्या वैभवाचा पाया सिटीच्या वेतनघोटाळ्यावर रचला गेला, हे दोन्ही क्लबांचे चाहते फारसे आठवू इच्छित नाहीत.

२ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली. सभेच्या अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता आणि त्याच्या जोडीला युनायटेडचा कर्णधार चार्ली रॉबर्ट्स. वेतनमर्यादा आणि बदलीचा जाचक नियम हे दोन्ही हटविणे हे उद्दिष्ट. संघटनेने कामगार संघटनांच्या महासंघाशी हातमिळवणी करताच असोसिएशनने १९०९ च्या उन्हाळ्यात फर्मान काढले : संघटना सोडा, नाही तर खेळ सोडा. देशभरातील बहुतेक खेळाडू वाकले. युनायटेडचे वाकले नाहीत. पगार बंद, मैदान बंद. तेव्हा त्यांनी फॅलोफील्डला सराव सुरू केला आणि स्वतःला बहिष्कृतांचा संघ म्हणवून छायाचित्रही काढून घेतले. एव्हर्टनचा टिम कोलमन त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला. मोसमाच्या तोंडावर तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पण पुढे महासंघाचा हात सोडावा लागला. वेतनमर्यादा कायम राहिली. १९१० पासून जुन्या खेळाडूंना टप्प्याटप्प्याने पाच पौंडांपर्यंत जाता येऊ लागले, इतकेच.

मेरेडिथला हे समाधान अपुरे वाटले. संघर्षाच्या त्याच वर्षी त्याचे क्रीडासाहित्याचे दुकान आगीत भस्मसात झाले आणि तो कर्जबाजारी झाला. खेळ मात्र थांबला नाही. १९२० मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वेल्सकडून आपला ४८ वा सामना खेळला आणि इंग्लंडविरुद्धच्या त्या विजयानंतर आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. १९२१ मध्ये सिटीत परतला. मार्च १९२४ मध्ये एफए कपच्या उपान्त्य फेरीत सिटी न्यूकॅसलकडून ०-२ असा हरला, तेव्हा मेरेडिथची पन्नाशी चार महिन्यांवर आली होती. तो त्याचा अखेरचा स्पर्धात्मक सामना.

त्याने ज्या नियमाचा आयुष्यभर तिटकारा केला, त्याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मर्यादा असेपर्यंत लहान गावांचे क्लब मोठ्यांच्या बरोबरीने उभे राहू शकत. बर्नलीसारख्या गिरणी-गावाने १९६० मध्ये लीग जिंकली. जानेवारी १९६१ मध्ये मर्यादा उठली आणि फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड दिले. त्यानंतरच्या दशकात बोल्टन, ब्लॅकपूल आणि बर्नली एकामागून एक पहिल्या श्रेणीतून खाली गेले. मात्र फुलहॅमलाही शंभर पौंडांनी विजेतेपद मिळवून दिले नाही. १९६८ मध्ये तेही घसरले.

हे पाहायला मेरेडिथ नव्हता. पुढे मँचेस्टरमध्ये पब चालवीत तो स्थिरावला होता. युनायटेडच्या तरुण संघावर घाला घालणारी म्युनिकची विमान दुर्घटना होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १९ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. सदर्न सिमेट्रीतील त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाची शिळाही नव्हती. २००१ मध्ये ती बसविण्यात आली आणि तिच्यासाठी पुढाकार घेणाऱ्यांत त्यानेच इम्पीरियल हॉटेलात उभी केलेली खेळाडूंची संघटना होती.