शेतकऱ्यांचा शिष्य

यवतमाळ जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली, की शेतोशेती वाळक्या पऱ्हाट्या उभ्या राहत. त्या उपटाव्या, काही चुलीसाठी घरी न्याव्या आणि उरलेल्या धुऱ्यावर पेटवून द्याव्या, अशी जुनी रीत होती. गोवऱ्यांच्या रूपाने शेणही चुलीतच जाई. मग वर्षानुवर्षे पीक देणाऱ्या काळ्या मातीला परत काय मिळणार? या प्रश्नाचे उत्तर सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी शोधले.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर वेस्ट इंडीज बेटांत ते पिकांवरील बुरशीच्या रोगांचा अभ्यास करू लागले. तेथे प्रयोगशाळा होती, पण स्वतः कसण्यास जमीन नव्हती. जे उपाय आपण शेतात करून पाहिले नाहीत, ते शेतकऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगावे, ही बोच त्यांच्या मनाला लागून राहिली.

१९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंस्थेत आले. तेथे त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. उभयतांनी गव्हाच्या उत्तम जाती तयार केल्या. पण हॉवर्ड यांचे लक्ष वेधून घेतले ते शेजारच्या शेतांनी. तेथील शेतकऱ्यांजवळ औषधे नव्हती, तरी त्यांची पिके निरोगी होती. एवढे विद्वान गृहस्थ, पण त्यांनी या शेतकऱ्यांनाच गुरू केले!

त्यांच्या पदरी सहा बैलजोड्या होत्या. शेजारच्या गोठ्यातील गुरांना लाळ-खुरकूत झाले असता, त्यांचे बैल कुंपणावरून त्या गुरांच्या नाकाला नाक घाशीत. पण सकस चाऱ्यावर पोसलेल्या त्या बैलांना रोग झाला नाही. माती सकस असेल तर पीक निरोगी आणि पीक निरोगी तर गुरेही निरोगी, असे हॉवर्ड मानू लागले. त्यांचे सारेच म्हणणे शास्त्रज्ञांना पटले नाही. मातीला सेंद्रिय खत हवे, हे मात्र सर्वांनी मानले.

१९२४ साली इंदूर येथे होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर त्यांच्या देखरेखीखाली नवी संस्था उभी राहिली. माळव्याची ही जमीनही विदर्भासारखी काळी, कापसाची. तेथे काडीकचऱ्याला तोटा नव्हता. पण ओला-वाळला कचरा तसाच जमिनीत गाडला, तर तो कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतलाच नत्र खाऊन टाकतात आणि पीक पिवळे पडते. तेव्हा कचरा आधी बाहेर कुजविला पाहिजे. चिनी शेतकरी शेकडो वर्षे हेच करीत आले होते. हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी त्याची शास्त्रशुद्ध पद्धत बसविली. उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व राख यांचे थर द्यावयाचे, पाणी शिंपावयाचे आणि हवा खेळावी म्हणून ढीग तीन वेळा उलथावयाचा. ढीग आतून तापे, आणि तीन महिन्यांत भुसभुशीत काळे खत हाती येई. पऱ्हाट्या व तुराट्या सहज कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातील रस्त्यांवर पसरून ठेवीत. १९३१ साली दोघांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले, तरी इंदूरचे नाव त्यांच्या खताबरोबर जगभर गेले. १९४७ साली त्यांचे निधन झाले.

ढीग उलथण्यास माणसे लागत आणि शेणही बरेच लागे. गरीब शेतकऱ्याजवळ दोहोंची वाण. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी पुढे जी पद्धत बसविली, तीत ही अडचण उरली नाही. जमिनीवर विटांचे टाके बांधून भिंतींत झरोके ठेवावयाचे. काडीकचरा, शेणकाला व चाळलेली माती यांचे थर रचून वरून लिंपावयाचे. उलथापालथ नको. सुमारे १०० किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा तीन-चार महिन्यांत कुजतो. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास नाडेप खत म्हणतात. पऱ्हाट्यांचे तुकडे मात्र आधी करून घ्यावे लागतात. इंदूरला ते काम जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची चाके करीत.