फादर स्टीफन्स : चरित्र आणि पुराणाची निकड

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात फादर थॉमस स्टीफन्स यांची ओळख बहुधा क्रिस्तपुराणाच्या आरंभी त्यांनी केलेल्या मराठीच्या स्तुतीपुरती मर्यादित राहते. परकीयाने केलेला गौरव म्हणून ती आपल्याला सुखावते. परंतु अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ कोणासाठी आणि कोणत्या निकडीतून सिद्ध झाला, हा प्रश्न त्या सुखात मागे पडतो. स्टीफन्स यांचे चरित्र या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले पाहिजे.

त्यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. वडील लंडनचे व्यापारी. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक उपासनेला कायद्याने मज्जाव होता. थॉमस पाउंड या स्नेह्यासह देश सोडण्याचा बेत त्यांनी केला. पाउंड पकडला गेला, स्टीफन्स रोमला पोहोचले आणि १५७५मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. या प्रवासाविषयी वडिलांना लिहिलेले त्यांचे पत्र पुढे हॅक्लुइटच्या संग्रहात छापले गेले.

यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत घालवली. १५६७मध्ये तेथील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती, आणि त्याच वर्षीच्या गोव्यातील धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्मग्रंथांवर निर्बंध घातले होते. ज्याच्या स्वतःच्या उपासनेवर मायदेशी बंदी होती, तो दुसऱ्यांच्या उपासनेवर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या छायेत धर्मोपदेशक झाला. ही विसंगती स्टीफन्स यांना जाणवली असेल काय, याविषयी तर्क करण्यात अर्थ नाही. मात्र चरित्रकाराने ती झाकूनही ठेवू नये.

जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह परत मिळविण्याच्या कामी स्टीफन्स होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून ठार केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी भावाला धाडलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण येते. रक्तपाताला तीन महिने होतात न होतात, तोच हा मनुष्य शब्दांच्या ठेवणीकडे लक्ष देऊ शकतो, हे त्यांच्या वृत्तीचे लक्षण मानावे लागते.

पुराणाची निकड ग्रंथाच्या चौकटीतच सांगितली आहे. साष्टीतील देवळात (येथे चर्च असा अर्थ घ्यावा) पाद्री मुलांना धर्मतत्त्वे शिकवीत असता एक नवख्रिस्ती गृहस्थ विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? धर्मांतरिताचा दिनक्रम, त्याचे सण, त्याचा रिकामा वेळ श्रवणावाचून सुने झाले होते. ते सुनेपण ज्या संस्थेने निर्माण केले, तिच्यातल्याच एकाने ते ओळखले. म्हणूनच मला हा ग्रंथ केवळ प्रचारसाहित्य वाटत नाही, आणि केवळ मराठीप्रेमाचा आविष्कारही वाटत नाही.

उत्पत्तीपासूनचा इतिहास पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वरांत, तर ख्रिस्तचरित्र दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरांत आले आहे. छंद ओवीचा, स्वर्गाला शब्द वैकुंठ. श्रोता मध्येच प्रश्न करतो, वक्ता निरसन करतो. शुद्ध मराठी सामान्यांना कळणार नाही म्हणून तीत ब्राह्मणांच्या बोलीतील सुगम शब्द मिसळल्याचा खुलासा कवीनेच केला आहे. देशी लिपीचे खिळे पाडण्याचा प्रस्ताव त्यांनी १६०८मध्ये रोमला कळवला होता. तो तडीस गेला नाही. परिणामी १६१६मध्ये रायतूरच्या छापखान्यातून ग्रंथ निघाला तो रोमन लिपीत. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकात पुराण हा शब्द नाही, तेथे तो ख्रिस्ताच्या आगमनावरील प्रवचन ठरतो. अनुमती देणाऱ्यांसाठी एक नाव आणि ऐकणाऱ्यांसाठी दुसरे, ही योजना हेतुपुरस्सर असावी असे वाटते.

१६१९मध्ये स्टीफन्स निवर्तले. त्यांची कोंकणी धर्मतत्त्वांची पुस्तिका १६२२मध्ये व कोंकणीचे व्याकरण १६४०मध्ये प्रसिद्ध झाले. पुराणाच्या १६४९ व १६५४ अशा आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. रविवारी व सणावारी देवळांतून त्याचे गायन होई. पुढे १६८४मध्ये पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांत, विशेषतः मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांत. त्यांच्या आधारे जोसेफ साल्डाना यांनी १९०७मध्ये मंगळूरहून रोमन लिपीतील आवृत्ती काढली. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील पोथी मात्र देवनागरीत आहे, आणि तिच्यातील भाषा रोमन पाठापेक्षा अधिक संस्कृतप्रचुर आहे. या दोहोंपैकी स्टीफन्स यांच्या हातचा पाठ कोणता, हा वाद पाठचिकित्सेच्या अभ्यासकांसाठी अद्याप खुला आहे.