बांगड्या भरून उभा राहिलेला पुरुष, ज्याला महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं!

पुण्यतिथी विशेष

गावात दोघांची जुंपली की एक टोमणा हमखास येतो, हातात बांगड्या भर जा. लहान पोरगं रडलं की त्याला बायकांसारखं रडू नको म्हणून दटावलं जातं. मोर्चा निघाला तर काम न करणाऱ्या साहेबाला हिरव्या बांगड्यांचा आहेर दिला जातो. मोर्चात बायका पुढं असल्या तरी आहेर तोच. पुरुषाला बाई म्हटलं की त्याची इज्जत गेली, हे सगळेच धरून चालतात.

पण याच महाराष्ट्रात एका पुरुषाने नऊवारी नेसून, नथ घालून, हातभर बांगड्या भरून आपलं उभं आयुष्य रंगभूमीवर काढलं. त्याची कुणी टिंगल केली नाही, उलट लोकांनी त्याला देवासारखं मानलं. ते म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे त्यांचं गाव. १५ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन.

पोरवयातच मिळालं नाव

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. गळा लहानपणापासूनच गोड. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या पोराचं गाणं ऐकलं आणि कौतुकाने त्याला बालगंधर्व म्हटलं. तेच नाव जन्मभर चिकटलं.

त्या काळी घरंदाज बाईने नाटकात काम करणं म्हणजे पाप समजलं जायचं. त्यामुळे बायकांची कामं पुरुषच करायचे. त्यांना स्त्रीपार्टी म्हणत. किर्लोस्कर नाटक मंडळीचे गाजलेले नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले आणि कंपनीला तसा गळा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा नारायणावर लोभ होता. त्यांच्या पाठबळामुळे १९०५ मध्ये नारायण किर्लोस्कर मंडळीत आला. मिरजेत तो शकुंतला म्हणून उभा राहिला आणि बघणारे बघतच राहिले.

मुलगी गेली, तरी पडदा उघडला

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत संगीत मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. घरात दुःख, इकडे थिएटर भरलेलं. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले आणि गायले. बायकी म्हणजे कच्च्या काळजाचं, असं समजणाऱ्यांनी हा दिवस आठवावा. साडी नेसलेल्या त्या माणसाचं काळीज केवढं घट्ट होतं!

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. स्वयंवर मधली रुक्मिणी, एकच प्याला मधली दारुड्याची सोशिक बायको सिंधू, अशा भूमिका गाजल्या. बालगंधर्व जशी साडी नेसतील तशी साडी, ते जसे दागिने घालतील तसे दागिने घालायची मोठ्या घरच्या बायकांत चढाओढ लागली. बाईने कसं दिसावं, कसं चालावं, हे बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या. पुरुषही मागे नव्हते. गंधर्व टोपी डोक्यावर घालून ते रुबाबात फिरायचे.

१९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झालं. एका बाजूला केशवराव भोसले धैर्यधर, समोर बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाची आठवण आजही निघते. पुढं कंपनी मोठ्या कर्जात बुडाली. ते कर्जही त्यांनी नाटकं करून, गाऊन फेडलं.

मान कुणाला मिळाला?

इथं थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. पुरुष बाई झाला तर त्याला गंधर्व म्हटलं गेलं. खरी बाई तेच काम करायला उभी राहिली तर तिला नावं ठेवली गेली. त्याच काळात तमाशाच्या बोर्डावर बायका नाचत-गात होत्या. त्यांच्या कलेला टाळ्या मिळाल्या, पण घराच्या उंबऱ्याच्या आत मान मिळाला नाही. तमाशातल्या नाच्याची तर चेष्टाच व्हायची.

पुढं बोलपट आले, बायका पडद्यावर दिसू लागल्या. १९३३ मध्ये आंधळ्यांची शाळा या नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली. काळ बदलला. १९३८ च्या सुमारास गोहर कर्नाटकी ही गुणी गायिका बालगंधर्वांच्या कंपनीत आली. गळा थेट गंधर्व वळणाचा. स्त्री भूमिका त्या करू लागल्या. साडी तीच, पदं तीच, पण लोकांचं कौतुक आटलं. बालगंधर्वांच्या वाईट दिवसांचं खापर गोहरबाईंवर फोडलं गेलं. त्या मुसलमान होत्या, हेही अनेकांना खुपलं. १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं, तरी बोलणारे बोलतच राहिले.

म्हणजे अडचण साडीची नव्हती आणि बांगड्यांचीही नव्हती. प्रयोग संपला की बालगंधर्व साडी उतरवून पुन्हा नारायणराव व्हायचे, म्हणून त्यांचं बाई होणं लोकांना चाललं. जी जन्माने बाई, तिला मात्र खालचीच पायरी. बाई म्हटल्यावर पुरुषाला राग येतो तो याचमुळे. आपल्याला त्या खालच्या पायरीवर ढकललं, असं त्याला वाटतं. पायरी खालची आहे हे आधी मनात पक्कं असतं, म्हणून तो शब्द झोंबतो.

शेवटची वर्षं

उतारवयात बालगंधर्वांचे पाय लुळे पडले, पैशाचीही ओढाताण झाली. भजनं गाऊन दिवस काढले. १९६४ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी गोहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं रंगमंदिर पुण्यात उघडलं.

ज्या हातांत रोज बांगड्या होत्या, त्या हातांनी एक कंपनी चालवली, शेकडो माणसं पोसली, कर्ज फेडलं. आपल्या घरातल्या आया-बहिणीही त्याच बांगड्या घालून भल्या पहाटेपासून रानात राबतात, बचत गटाचा हप्ता भरतात, सरपंच होऊन गाव चालवतात. पुढच्या मोर्चात कुणाच्या टेबलावर बांगड्या ठेवण्याआधी, त्या रोज कुणाच्या हातात असतात याचा विचार व्हायला हवा.