रोज दादर ते कल्याण सायकल, तीही सात वर्षं : जग पालथं घालणारे मुंबईचे फ्रामरोझ दावर

दादरवरून सायकल काढायची आणि थेट कल्याण गाठायचं. साधारण ४४ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. असं सात वर्षं, एकही सुट्टी न घेता.

हिशोब केला तर मुंबईच्या फ्रामरोझ दावर यांनी सरासरी एवढी सायकल चालवली. एकूण सुमारे १ लाख १० हजार किलोमीटर आणि ५२ देश. म्हणजे पृथ्वीला जवळपास पावणेतीन फेऱ्या.

दावर क्रीडा पत्रकार होते, म्हणजे आमच्याच धंद्यातले. पण जगप्रवासाला निघालेले ते पहिले मुंबईकर नव्हेत. १५ ऑक्टोबर १९२३ ला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून निघाले होते. त्यातला एक तेहरानहून माघारी फिरला, एकाला अमेरिका इतकी आवडली की तो तिथेच राहिला. मार्च १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले ते तिघंच : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. ७१ हजार किलोमीटर झाले होते.

दावर यांची गोष्ट बरोबर उलटी आहे.

हे सहा जण गेल्यावर तीनच महिन्यांत, जानेवारी १९२४ मध्ये, दावर एकटेच निघाले. तेव्हा आजचा मरीन ड्राइव्हसुद्धा नव्हता. मोबाईल नाही, गुगल मॅप नाही. वाटेत आजारी पडलो तर घरी कळायलाच कित्येक आठवडे जाणार, हे माहीत असताना माणूस एकटा निघतो म्हणजे कमालच.

व्हिएन्नाला पोहोचल्यावर त्यांना गुस्ताव स्झ्ताव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला. तोही सोबत निघाला आणि पुढचा प्रवास दोघांनी मिळून केला. एक पारशी, एक ऑस्ट्रियन. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती, आणि त्या युद्धात ब्रिटिश हिंदुस्थान आणि ऑस्ट्रिया एकमेकांविरुद्ध लढले होते, हे लक्षात घ्या.

या जोडीने सहारा ओलांडलं. वाळूत सायकल चालत नाही, ती ढकलावी लागते आणि पाणीही सोबतच न्यावं लागतं. पुढे दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वत आणि मग अमेझॉनचं जंगल. तिथे तर रस्ताच नाही! वेगाचे विक्रम करणारे सायकलस्वार गुळगुळीत ट्रॅक शोधतात, दावर नेमके त्याच्या उलट्या दिशेला गेले.

१९३१ मध्ये ते मुंबईत परतले. नंतर त्यांनी सहारा आणि अमेझॉनवर पुस्तकंही लिहिली.

दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, मुंबईहून आणखी तिघं सायकलवर जगप्रवासाला निघाले : केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ. ते परतले तेव्हा १९४२ उजाडलं होतं.