जयंती विशेष : वाचकांना भेटायला गावोगाव फिरलेला लेखक, चार्ल्स डिकन्स

आज ७ फेब्रुवारी. चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराची जयंती. शाळेच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'ऑलिव्हर ट्विस्ट'चा धडा काहींनी वाचला असेल. पण आपली पुस्तकं घेऊन हा माणूस स्वतः गावोगाव गेला, हजारो लोकांसमोर उभं राहून वाचत राहिला आणि त्यातच त्याची तब्येत कायमची खालावली, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते.

डिकन्स यांचा जन्म १८१२ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ या बंदराच्या गावी झाला. वडील आरमाराच्या पगार कचेरीत कारकून. घरात आठ भावंडं आणि वडिलांचा हात सढळ. पगार पुरेना, उधारी वाढत गेली. त्या काळी इंग्लंडमध्ये कर्ज फेडलं नाही तर थेट तुरुंगात टाकत. १८२४ साली वडिलांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात नेलं. आई आणि लहान भावंडंही तिथेच राहायला गेली. बारा वर्षांच्या चार्ल्सची शाळा सुटली आणि तो बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसभर डब्यांना कागद लावायचे, लेबल चिकटवायचं. मजुरी आठवड्याला ६ शिलिंग.

काही महिन्यांनी वडील सुटले. तरी पोरानं कामावर जात राहावं, असंच आईला वाटत होतं. वडिलांनी मात्र त्याला पुन्हा शाळेत घातलं. आईचं ते वागणं चार्ल्सच्या मनाला कायमचं लागलं. कारखान्यातल्या दिवसांबद्दल ते पुढे जन्मभर गप्प राहिले. बायको आणि जवळचे मित्र जॉन फॉर्स्टर सोडले तर कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतःच्या मुलांनाही ते कळलं वडील गेल्यावर, फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून.

शाळाही फार काळ चालली नाही. पंधराव्या वर्षी वकिलाकडे कारकुनी सुरू झाली. मग लघुलिपी शिकून ते बातमीदार झाले. अठरा पूर्ण होताच त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचं कार्ड काढलं. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या तरुणाचं पुढचं शिक्षण त्या वाचनालयातच झालं.

१८३६ साली त्यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी भागाभागानं निघू लागली. महिन्याला एक भाग, किंमत १ शिलिंग. अख्खं पुस्तक घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनाही एवढा भाग घेता येई. सुरुवातीला काही शे प्रती खपत, शेवटी महिन्याला ४० हजारांच्या घरात गेल्या. आपल्याकडे पोथी लावली की एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात ना, तसंच तिथेही चाले. एक जण वाची, भोवती बसलेले ऐकत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंतही डिकन्स असे पोचले.

२ सप्टेंबर १८५२ रोजी मँचेस्टर शहरात सर्वांसाठी मोफत सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. गिरण्यांचं, कामगारांचं शहर ते. त्या समारंभाला डिकन्स हजर होते आणि त्यांनी भाषणही केलं. पुढच्या वर्षी नाताळात बर्मिंगहॅममध्ये एका शिक्षण संस्थेच्या मदतीसाठी त्यांनी आपली 'अ ख्रिसमस कॅरोल' ही गोष्ट वाचून दाखवली. एक रात्र फक्त कामगारांसाठी ठेवायची आणि तिकीट त्यांना परवडेल असंच ठेवायचं, हा आग्रह त्यांचा स्वतःचा. त्या रात्री सभागृह भरून गेलं. एका कंजूष सावकाराचं मन कसं पालटतं, ही ती गोष्ट. कर्जापायी घर तुरुंगात गेलेलं पाहिलेला माणूस ती वाचत होता, पण ऐकणाऱ्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

१८५८ पासून ते पैसे घेऊन वाचू लागले. घर मोठं, खर्च मोठा. त्याच वर्षी पत्नीपासून ते वेगळे झाले, त्याची जाहीर चर्चाही झाली. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड असा दौरा सुरू झाला. सोबत स्वतः बनवून घेतलेलं वाचनाचं टेबल आणि गॅसचे दिवे असत. प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा, चेहरा वेगळा. आपल्याकडचा कसलेला कीर्तनकार एकटा उभा राहून सगळी माणसं डोळ्यांसमोर आणतो, तसाच प्रकार. घरी असताना गावाजवळच्या चॅथमच्या कामगार संस्थेसाठी मात्र ते एक पैसा न घेता वाचत.

माणूस निर्दोष होता असं नाही. १८५७ च्या उठावाच्या बातम्या वाचून त्यांनी भारतीयांबद्दल अत्यंत विखारी मजकूर पत्रात लिहिला होता. आपल्या देशातल्या गरिबासाठी झिजणाऱ्या या लेखकाला इथला माणूस दिसला नाही, हेही सांगायला हवं. त्यांचा मुलगा वॉल्टर कंपनीच्या फौजेत भारतात आला होता. तो १८६३ च्या अखेरीस कलकत्त्यात वारला, वय अवघं २२.

९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्ट इथे डिकन्स बसलेली रेल्वे पुलावरून घसरली. १० जण ठार झाले. ते स्वतः बचावले आणि जखमींना पाणी देत फिरले. पण त्यानंतर रेल्वेत बसलं की त्यांना कापरं भरे. तरीही दौरे थांबले नाहीत. १८६७ च्या डिसेंबरपासून पाच महिन्यांत अमेरिकेत ७६ वाचनं झाली. तिकिटासाठी लोक थंडीत रात्रभर रांगेत. इकडे यांचा पाय सुजलेला, सर्दी-खोकला हटेना, अन्न जाईना.

परत आल्यावर निरोपाचा दौरा ठरला, १०० वाचनांचा. त्यात 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग ते इतक्या जोरानं वाचत की नाडी कुठल्या कुठे जाई आणि नंतर काही वेळ आडवं पडावं लागे. घरच्यांनी, मित्रांनी नको म्हटलं, पण ऐकलं नाही. एप्रिल १८६९ मध्ये प्रेस्टन इथे डॉक्टरांनी दौरा थांबवला. तरीही पुढच्या वर्षी लंडनमध्ये डॉक्टरांना सोबत ठेवून त्यांनी १२ वाचनं केलीच. शेवटचं झालं १५ मार्च १८७० ला. सुरुवात ज्या गोष्टीनं केली होती, तीच 'ख्रिसमस कॅरोल' त्या रात्री पुन्हा वाचली.

९ जून १८७० रोजी, रेल्वे अपघाताला बरोबर पाच वर्षं झाली त्याच दिवशी, मेंदूच्या झटक्यानं ते गेले. वय ५८. हातातली कादंबरी अर्धीच राहिली. गाजावाजा नको, अशी त्यांची इच्छा होती, म्हणून अंत्यविधी साधेपणानं झाला. पण वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या त्या कबरीजवळून पुढे कित्येक दिवस हजारो लोक फुलं वाहत गेले. त्यांत साधी, कष्टकरी माणसं पुष्कळ होती.

आपल्याही गावात कुठेतरी ग्रामपंचायतीजवळ वाचनालयाची एक खोली असेलच. आज संध्याकाळी तिथे जाऊन एखादी गोष्ट मोठ्यानं वाचा. समोर चार पोरं आणि दोन म्हातारी माणसं बसली तरी पुरे.